पक्ष्यांच्या पायात पत्ता बांधणारा माणूस

एप्रिल महिना लागला की बाल्टिक समुद्राच्या आग्नेय किनाऱ्यावरील एका अरुंद वाळूच्या पट्टीवर आकाश जिवंत होते. ही पट्टी ९८ किलोमीटर लांब आहे. तिच्या एका अंगाला खुला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला एक विस्तीर्ण उथळ सरोवर. मधल्या जमिनीची रुंदी काही ठिकाणी जेमतेम चारशे मीटर, तर सर्वाधिक रुंद जागी सुमारे चार किलोमीटर. पश्चिम युरोपात हिवाळा काढून ईशान्येकडे आपल्या विणीच्या प्रदेशात परतणारे पक्षी विस्तीर्ण पाण्यावरून उडणे शक्यतो टाळतात आणि जमिनीची ही चिंचोळी वाट धरतात. त्यामुळे एरवी शेकडो किलोमीटरच्या रुंदीत विखुरणारे थवे येथे जणू एखाद्या नरसाळ्यातून ओतल्यासारखे एकवटतात. वारा अनुकूल असला तर एकेका दिवसात लाखो पक्षी माथ्यावरून जातात. या पट्टीचे जर्मन नाव कुर्शे नेरुंग आणि तिच्यावरील कोळ्यांच्या एका गावाचे तेव्हाचे नाव रोसिटेन. जगातील पहिली पक्षीवेधशाळा याच गावात उभी राहिली आणि ती उभारणारे गृहस्थ होते योहानेस थीनेमान.

थीनेमान यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८६३ रोजी जर्मनीतील थुरिंगिया प्रांतात एका खेडेगावी झाला. घराण्यात धर्मोपदेशकाचा पेशा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला, आणि त्याच्या जोडीला पक्ष्यांचे वेडही. वडील धर्मोपदेशक होते आणि पक्ष्यांचे जाणकार म्हणूनही ओळखले जात. आधीच्या पिढीतील एका थीनेमानांनी पक्ष्यांच्या अंड्यांच्या अभ्यासात नाव मिळवले होते. योहानेस यांनीही रीतीप्रमाणे धर्मशास्त्राचे शिक्षण घेतले. चारचौघांच्या अपेक्षेप्रमाणे एखाद्या गावच्या चर्चमध्ये प्रवचने देत त्यांचे आयुष्य सरायचे. परंतु १८९६ साली ते पहिल्यांदा रोसिटेनला आले आणि त्यांच्या आयुष्याने दिशा बदलली. सरकत्या वाळूच्या प्रचंड टेकड्या, त्या वाळूखाली गाडली गेलेली शेजारची जुनी गावे आणि वरून अखंड वाहणारा पक्ष्यांचा प्रवाह यांनी त्यांना असे बांधून टाकले की ते पुन:पुन्हा येत राहिले आणि अखेरीस तेथलेच झाले.

त्या काळी पक्ष्यांच्या स्थलांतराविषयीचे ज्ञान किती तोकडे होते, हे समजल्याशिवाय त्यांच्या कामाचे मोल कळत नाही. पक्षी ठराविक ऋतूत दिसेनासे होतात आणि ठराविक ऋतूत परततात, हे माणूस हजारो वर्षे पाहत होता. मात्र मधल्या काळात ते जातात कुठे, याचे उत्तर कल्पनेवर सोडलेले होते. काही पक्षी हिवाळ्यात झाडांच्या ढोलीत झोपून राहतात, असे ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले होते. सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनिअससारख्या अठराव्या शतकातील शास्त्रज्ञालाही पाकोळ्या तळ्याच्या पाण्याखाली हिवाळा काढतात असे वाटत होते. १८२२ साली उत्तर जर्मनीत एक पांढरा करकोचा मारला गेला, तेव्हा त्याच्या मानेत आरपार घुसलेला भाला आढळला. तो भाला आफ्रिकेतील होता. तो करकोचा पेंढा भरून रोस्टॉक येथे जपून ठेवला आहे. करकोचे आफ्रिकेत जातात याचा तो ठसठशीत पुरावा होता. पण तो योगायोगाने हाती लागलेला. कोणत्या गावचा करकोचा, कोणत्या वाटेने, किती दिवसांत आणि कुठवर गेला, हे भाला सांगू शकत नव्हता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर समुद्रातील हेलिगोलँड बेटावर हाइनरिश गॅट्के या चित्रकाराने सुमारे पन्नास वर्षे पक्ष्यांच्या नोंदी ठेवल्या आणि १८९१ मध्ये त्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. स्थलांतराच्या पद्धतशीर निरीक्षणाची ही सुरुवात होती. परंतु गॅट्के यांचे काही निष्कर्ष आज वाचताना आश्चर्य वाटते. नीलकंठी नावाचा चिमुकला पक्षी इजिप्तहून निघून एका रात्रीत हेलिगोलँडला पोहोचतो, म्हणजे त्याचा वेग ताशी जवळजवळ तीनशे किलोमीटर असला पाहिजे, असे त्यांनी गणित मांडले होते. मधल्या प्रदेशात तो पक्षी उतरलेला कुणी पाहिला नाही, एवढाच त्याला आधार होता. निरीक्षण कितीही प्रामाणिक असले, तरी आज दिसलेला पक्षी आणि काल दुसरीकडे दिसलेला पक्षी एकच आहे, हे ओळखण्याचे साधन नसेल तर अनुमान भरकटते.

हे साधन डेन्मार्कमधील हान्स ख्रिस्तियन मॉर्टेन्सन या शाळाशिक्षकाने शोधले. त्यांनी आधी जस्ताची कडी करून पाहिली, पण ती पक्ष्यांना जड जात. मग १८९९ मध्ये त्यांनी ॲल्युमिनियमची हलकी कडी बनवली, त्यांवर क्रमांक आणि पत्ता कोरला आणि १६५ स्टार्लिंग पक्ष्यांच्या, म्हणजे आपल्याकडील भोरड्यांच्या युरोपीय भाऊबंदांच्या, पायांत ती चढवून त्यांना सोडून दिले. पक्ष्याला त्यामुळे नाव मिळाले. तो जगात कुठेही सापडला तरी कोणत्या दिवशी कुठून निघालेला तो हाच, हे सांगता येणार होते. या युक्तीचे सामर्थ्य ओळखून तिला एका संस्थेचे नित्यकर्म बनवण्याचे श्रेय थीनेमान यांचे.

१९०० साली लाइपझिग येथे जर्मन पक्षीशास्त्र संस्थेचे सुवर्णमहोत्सवी अधिवेशन भरले. तेथे थीनेमान यांनी रोसिटेनला कायमस्वरूपी निरीक्षण केंद्र असावे, असा आग्रह धरला. तो मान्य झाला आणि प्रशियाच्या सरकारच्या मदतीने १ जानेवारी १९०१ पासून रोसिटेनची पक्षीवेधशाळा सुरू झाली. नाव भारदस्त असले तरी प्रत्यक्षात साधने तुटपुंजी होती. पुढे १९०८ मध्ये गावाच्या दक्षिणेस, मनुष्यवस्तीपासून दूर, उल्मेनहोर्स्ट नावाची एक निरीक्षण-झोपडी उभी राहिली. वसंतात आणि शरदात, थवे जाण्याच्या दिवसांत, थीनेमान तेथे मुक्काम ठोकून आकाश वाचत असत.

कडी घालायची तर आधी पक्षी हाती यायला हवेत. इतके पक्षी पकडण्याची विद्या कुणापाशी होती, तर ती गावातल्या गरीब कोळ्यांपाशी. स्थलांतराच्या हंगामात मासेमारी मंदावली की हे लोक वाळूवर जाळी पसरत, आमिषाला मासे टाकत आणि दोरीला बांधलेले पाळीव कावळे दाखवून वरून जाणाऱ्या थव्यांना खाली उतरवत. करड्या अंगाचे, काळ्या डोक्यापंखांचे हे उत्तरेकडचे कावळे म्हणजे त्यांचे हिवाळ्याचे मांस होते. ते मिठात घालून पिंपात साठवले जात. पकडलेला कावळा झटपट मारण्याची त्यांची रीत अशी की त्याची कवटी दातांनी फोडायची. बाहेरून येणाऱ्याच्या अंगावर शहारा आणणारा हा प्रकार होता. थीनेमान यांनी मात्र या लोकांना तुच्छ लेखले नाही आणि त्यांचे पोटही बंद पाडले नाही. त्यांनी त्यांच्याकडूनच जिवंत कावळे घेतले, पायांत कडी चढवली आणि त्यांना पुन्हा आकाशात सोडले. १९०३ च्या शरद ऋतूत हे काम सुरू झाले. मरणाच्या दारातून परत आलेले हे कावळे म्हणजे रोसिटेनचे पहिले दूत.

या दूतांनी निरोप आणले. कड्यावर वेधशाळेचे नाव आणि क्रमांक असे. पक्षी मेलेला सापडला किंवा शिकारीत मारला गेला, तर कड्यासह त्याचा पाय टपालाने पाठवावा, अशी विनंती वर्तमानपत्रांतून केली गेली. हळूहळू लखोटे येऊ लागले. शरदात रोसिटेनवरून गेलेले कावळे उत्तर जर्मनीच्या मैदानात आणि काही थेट उत्तर फ्रान्सपर्यंत आढळले, तर वसंतात परतलेले फिनलंड आणि वायव्य रशियाच्या बाजूला मिळाले. नकाशावर एकेक ठिपका पडत गेला आणि ठिपके जोडल्यावर एका जातीचा वार्षिक प्रवास माणसाच्या डोळ्यांसमोर प्रथमच रेखीवपणे उभा राहिला.

तथापि हे काम सर्वांना रुचले नाही. जर्मनीतील काही निसर्गप्रेमींनी त्यावर कडाडून टीका केली. मुक्या जिवांच्या पायात धातूच्या बेड्या घालणे हा छळ आहे, कडे मिळवण्याच्या हव्यासाने लोक दिसेल तो पक्षी गोळी घालून पाडतील आणि शास्त्राच्या नावाखाली पक्ष्यांचा संहार होईल, असे आक्षेप होते. ते अगदीच पोकळ म्हणता येणार नाहीत. कड्याची बातमी बहुधा पक्ष्याच्या मृत्यूनंतरच मिळत असे, हे सत्य थीनेमान यांना नाकारता येण्यासारखे नव्हते. आयुष्यभर पक्ष्यांवर जीव लावलेल्या माणसाला हा आरोप किती झोंबला असेल, याची कल्पना करता येते. त्यांनी उत्तर दिले ते कामातून. कडे हलके असते, ते घातलेले पक्षी वर्षानुवर्षे उडतात, वीण घालतात आणि आपल्या मुलखात परततात, हे त्यांनी नोंदींनिशी दाखवले. लहान वयात कडे घातलेले करकोचे पुढे आपल्या जन्मप्रदेशाच्या आसपासच घरटी करताना दिसू लागले, तेव्हा टीकेचा जोर ओसरत गेला. ज्या पक्ष्याच्या वाटेवरचे धोके माहीत नाहीत त्याचे रक्षण तरी कसे करणार, हा युक्तिवाद पुढच्या काळाने खरा ठरवला.

करकोच्यांचे काम १९०६ मध्ये सुरू झाले आणि त्यानेच थीनेमान यांचे नाव घरोघरी पोहोचवले. पूर्व प्रशियात करकोचा हा घराच्या छपरावर घरटे बांधणारा, शुभ मानला जाणारा पक्षी. थीनेमान यांनी शिक्षक, वनरक्षक, जमीनदार अशा असंख्य लोकांना कडी पाठवली आणि घरट्यातील पिल्लांच्या पायांत ती घालायला शिकवले. एका माणसाचे संशोधन संपूर्ण प्रांताचे झाले. काही वर्षांतच आफ्रिकेच्या निरनिराळ्या भागांतून, अगदी दक्षिण टोकाकडूनही, पत्रे येऊ लागली. पाठवणाऱ्यांत मिशनरी होते, वसाहतींचे अधिकारी होते, शिकारी होते. ज्याला कधी पाहिले नाही, ज्याची भाषा ठाऊक नाही, अशा दूरच्या एका गावातील माणसाला ते केवळ कड्यावरील पत्त्याच्या भरवशावर कळवत होते.

या पत्रांतून उलगडलेली वाट विलक्षण होती. पूर्व जर्मनीतील करकोचे सरळ दक्षिणेला भूमध्य समुद्र ओलांडत नाहीत. ते आग्नेयेकडे वळतात, बाल्कन प्रदेश पार करून बॉस्फरसच्या सामुद्रधुनीशी येतात आणि आशिया मायनर, सिरिया, पॅलेस्टाइन, सिनाई असा वळसा घालून नाईलच्या खोऱ्यातून आफ्रिकेच्या पूर्व व दक्षिण भागांत उतरतात. जर्मनीच्या पश्चिमेकडील करकोचे याउलट स्पेनवरून जिब्राल्टरच्या वाटेने जातात. या लांबच्या वळशाचे कारण करकोच्याच्या उडण्यात आहे. तो पंख फार न हलवता तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेवर घिरट्या घेत उंची गाठतो आणि मग तरंगत पुढे सरकतो. समुद्रावर तशी हवा मिळत नाही. म्हणून जवळची वाट सोडून तो जमिनीची वाट धरतो.

थीनेमान यांचा दुसरा मोठा गुण म्हणजे अंदाजावर न विसंबण्याची सवय. गॅट्के यांच्या अचाट वेगांचा निकाल लावण्यासाठी त्यांनी अत्यंत साधा प्रयोग केला. वाळूच्या पट्टीवर अर्ध्या किलोमीटरच्या अंतरावर दोन ठिकाणे निश्चित केली, त्यांच्यामध्ये टेलिफोनची तार ओढली आणि एका टोकावरून जाणारा पक्षी दुसऱ्या टोकाला किती सेकंदांत पोहोचतो, ते मोजले. वाऱ्याचा वेगही नोंदवून हिशेबात धरला. कावळ्याचा वेग ताशी सुमारे ५० किलोमीटर निघाला, चाफिंच या चिमणीएवढ्या पक्ष्याचा ५२ च्या आसपास, तर स्टार्लिंगचा सुमारे ७४. ताशी तीनशे किलोमीटरची दंतकथा एका घड्याळाने आणि एका तारेने संपवली.

धर्मशास्त्राच्या या पदवीधराने पुढे केनिग्सबर्गच्या विद्यापीठाशी नाते जोडले आणि प्राध्यापक ही पदवी मिळवली. लोक त्यांना प्रेमाने पक्ष्यांचे प्राध्यापक म्हणून ओळखू लागले. दरम्यान त्यांनी लावलेले रोप इतरत्रही रुजले. १९०९ मध्ये ब्रिटनमध्ये रिंगिंगच्या योजना सुरू झाल्या, तर १९१० मध्ये हेलिगोलँडवरही वेधशाळा उभी राहिली. मग १९१४ साली महायुद्ध पेटले आणि देशोदेशींचे टपाल तुटले. युद्धानंतरच्या तहात वाळूच्या त्या चिंचोळ्या पट्टीचेही दोन तुकडे झाले; उत्तरेकडील भाग जर्मनीपासून तुटला. रोसिटेनच्या उत्तरेस काही मैलांवर सीमा आली. वसंतातले थवे मात्र पूर्वीप्रमाणेच त्या सीमेवरून जात राहिले. आर्थिक ओढगस्तीच्या त्या वर्षांत, १९२३ मध्ये, कैसर विल्हेल्म संस्थेने वेधशाळेचा भार उचलला आणि काम तगले.

१९२७ मध्ये थीनेमान यांनी रोसिटेनच्याच नावाने आपल्या तीन दशकांच्या अनुभवांचे पुस्तक प्रसिद्ध केले. १९२९ मध्ये ते निवृत्त झाले, पण गाव सोडून गेले नाहीत. १२ एप्रिल १९३८ रोजी रोसिटेन येथेच त्यांचे निधन झाले. वसंतातील स्थलांतर तेव्हा भरात असते. ज्या वाळूवर त्यांनी चार दशके मान वर करून घालवली, तिच्यातच त्यांना चिरविश्रांती मिळाली.

त्यांच्या पश्चात सात वर्षांत सारेच उलटले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस रोसिटेनची जर्मन वस्ती उठली, वेधशाळा बंद पडली आणि हा प्रदेश सोव्हिएत संघात गेला. गावाचे नाव बदलून रिबाची झाले. रशियन भाषेत त्याचा अर्थ कोळ्यांचे गाव. एका परीने जुनी ओळखच नव्या भाषेत राहिली. जर्मनीत वेधशाळेची परंपरा कॉन्स्टन्स सरोवराकाठच्या राडोल्फझेल येथे १९४६ पासून पुढे चालू झाली. आणि रिबाचीत १९५६ साली सोव्हिएत शास्त्रज्ञांनी नवे जीवशास्त्रीय केंद्र उघडले. युद्धात एकमेकांचे रक्त सांडलेल्या दोन राष्ट्रांनी एकाच माणसाचे काम दोन ठिकाणी उचलून धरले. त्याच वाळूच्या पट्टीवर आजही प्रचंड नरसाळ्यासारखी जाळी उभारली जातात. वसंतात त्यांची तोंडे एका दिशेला असतात, शरदात दुसऱ्या.

थीनेमान यांनी पक्षी कुठे जातो हे विचारले. त्यांच्यानंतरच्यांनी त्याला वाट कशी कळते हे विचारले. १९३० च्या दशकात वसंतात रोसिटेनला पकडलेले कावळे पश्चिमेला सुमारे ७५० किलोमीटरवरील फ्लेन्सबुर्गला नेऊन सोडण्यात आले. त्यांनी आपली ईशान्येची दिशा सोडली नाही आणि परिणामी ते भलत्याच मुलखात, स्कँडिनेव्हियाच्या बाजूला पोहोचले. याउलट २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रिबाचीला वसंतात पकडलेले बोरूवटवटे हजार किलोमीटर पूर्वेला मॉस्कोजवळ नेले, तेव्हा त्यांनी ईशान्येऐवजी वायव्येकडे तोंड वळवले. आपण वाटेवरून ढळलो आहोत, हे त्यांना उमगले होते. एकाच जागी उपस्थित झालेल्या प्रश्नाचा पाठपुरावा शंभर वर्षांनंतरही चालू राहिला, याहून मोठे स्मारक कोणते?

या परंपरेचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. १९२० च्या दशकात धार संस्थानच्या पवार राजघराण्याच्या पुढाकाराने आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सहकार्याने भारतात पक्ष्यांना कडी घालण्याचा आरंभ झाला. १९२९ च्या सुमारास तरुण सालिम अली जर्मनीला गेले, बर्लिनच्या संग्रहालयात शिकले आणि हेलिगोलँडच्या वेधशाळेत त्यांनी कडी घालण्याचे प्रत्यक्ष शिक्षण घेतले. पुढे १९५९ पासून त्यांच्या मार्गदर्शनाखाली सोसायटीने हे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. भरतपूरपासून तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील पॉइंट कॅलिमेरपर्यंत मुंबईचा पत्ता कोरलेली कडी पक्ष्यांच्या पायांत चढली आणि सीमापार दूर उत्तरेत वाचली गेली.

आता पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारी यंत्रे बसवता येतात आणि एखादा करकोचा या घटकेला कुठे आहे, ते घरबसल्या कळते. तरीही साधे कडे कालबाह्य झालेले नाही. लहान पक्ष्यांच्या बाबतीत शंभर कड्यांमागे एकाचीही बातमी येत नाही. तरी कडी घालणारे हात थांबत नाहीत. थीनेमान यांनी पक्ष्याच्या पायात जो पत्ता बांधला, तो खरे तर अनोळखी माणसाच्या सचोटीवर टाकलेला विश्वास होता. तो कुठेतरी, कुणीतरी, कधीतरी वाचील आणि कळवील, या आशेवर हे सारे शास्त्र उभे आहे.